विचियेनच्या टाकीतले मेंगदे

माणसाच्या हातात माइक देऊ नये. एकवेळ बंदूक द्यावी. बंदूक हातात आली की माणूस निदान क्षणभर थांबतो, इकडेतिकडे बघतो. माइक हातात आला की आधी विचार बंद पडतो आणि मग तोंड सुरू होतं. विचियेनचं नेमकं तेच झालं, आणि झालं तेही सख्ख्या मेहुण्याच्या अंगणात, अर्ध्या रोइ एत शहरासमोर.

मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा, लामदुआनचा थोरला भाऊ प्रायून. रस्त्यांची कंत्राटं घेतो, आणि रस्ता खचला की दुरुस्तीचंही तोच घेतो. त्याचा मुलगा दीक्षा घेऊन पावसाळ्यापुरता भिक्षू होणार होता. मुलानं डोकं भादरून चीवर अंगावर चढवलं की आईबापांच्या पदरात पुण्य पडतं, म्हणून आमच्याकडे दीक्षेचं जेवण लग्नापेक्षा मोठं असतं. प्रायूननं ते तीन लग्नांएवढं केलं होतं. ट्रकवर बँड, बँडसमोर नाचणाऱ्या बाया, आणि प्रत्येक टेबलावर मेंगद्याची चटणी.

आता मेंगदा म्हणजे भातखाचराच्या पाण्यातला किडा. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, चपटा, तपकिरी. लांबून झुरळ वाटतो, पण हे आमच्याकडे कुणाच्या घरी बसून म्हणू नका, पुन्हा बोलावणार नाहीत. त्यातल्या नराच्या अंगाला एक वास असतो. थोडा दालचिनीचा, थोडा पिकल्या फळाचा, आणि उरलेला सांगता येत नाही असा. नर भाजायचा, मिरची-लसणाबरोबर खलात कुटायचा, आणि चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून खायचा. त्यानंतर माणसाला कुणाचा राग येत नाही.

हल्ली शेतात औषधं मारून मारून मेंगदे संपत आले, म्हणून कारखान्यात तयार केलेला वास बाटलीत मिळतो. एक थेंब टाकला की पातेलंभर चटणी घमघमते. प्रायूनची चटणी बाटलीचीच होती. जमलेल्या लोकांपैकी निम्म्यांना ते कळलं आणि सगळ्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. फक्त विचियेनला गप्प बसवलं नाही. भूमापन कचेरीत सगळी नोकरी खाली मान घालून शिक्के मारण्यात गेलेला हा माणूस. निवृत्तीनंतर त्याच्याकडे अभिमान बाळगण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे नाक. वर पोटात तांदळाची दारू. गाण्यासाठी ठेवलेला माइक त्यानं उचलला.

"मंडळी, पुढच्या वर्षी आमच्या पोराची, पोनची दीक्षा आहे. त्या दिवशी माझ्या दारात एकूण एक टेबलावर खऱ्या नर मेंगद्याची चटणी असेल. बाटलीतला एक थेंब जरी सापडला, तरी मी विचियेन नाव लावणार नाही!"

कर्णे मासळीबाजारापर्यंत लावलेले होते. प्रायून हसत हसत उठला, विचियेनच्या खांद्यावर हात टाकून माइकमध्ये म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? मी तर पहिल्या टेबलावर बसणार बुवा." आणि टाळ्या पडल्या. एकानं हे सगळं फोनवर टिपून ठेवलं होतं, ते संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं.

घरी आल्यावर लामदुआननं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

"माझ्या भावाच्या दारात जेवून गप्प घरी यायला तुम्हाला काय होतं हो?"

"अगं, पण बाटली होती ती."

"असेल! तुमच्या नाकाला काय सरकार वेगळी पेन्शन देतं? आता एवढ्या टेबलांना मेंगदे कुठून आणणार आहात?"

प्रश्न रास्त होता. बाजारात मिळत ते मेंगदे बर्फातून लांबून आलेले, वास केव्हाच उडालेला. जिवंत मिळाले तर मूठभर. बाजारातल्या एकाही बाईनं एवढ्या मालाची हमी द्यायची तयारी दाखवली नाही. एकीनं तर फोनवरचा व्हिडिओच त्याला दाखवला आणि म्हणाली, "हे तुम्हीच ना, काका?" तेव्हा विचियेननं ठरवलं की आपण मेंगदे पाळायचे. मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधली, पाणी भरलं, अंडी घालायला काठ्या रोवल्या, वर जाळी टाकली.

टाकीचं सिमेंट वाळायच्या आत भिंतीपलीकडून सामरान मास्तरांचं डोकं वर आलं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आहेत, शिकवण्यातून नाहीत.

"विचियेन, वास कुणाला असतो? नराला. मग मादीला फुकट पोसायचं कशासाठी? नुसते नर आण."

कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे इतकं पटलं की त्यानं आसपासची खेडी पालथी घालून, एकेक किडा उलटा करून, पारखून नर आणले. मग अंड्यांची वाट बघणं सुरू झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पाणी गार असेल म्हणून टाकी उन्हात उघडी ठेवली. ऊन जास्त झालं म्हणून केळीची पानं टाकली. अंगणातल्या देवळीतल्या वास्तुदेवतेपुढे लाल सरबताची बाटली नळीसकट ठेवली. शेवटी एका सकाळी लामदुआन कपडे वाळत घालता घालता थांबली.

"पोनचे बाबा, हे सगळे नर आहेत ना?"

"एकूण एक. निवडून आणलेत."

"मग अंडी कोण घालणार? सामरान मास्तर?"

विचियेननं गाडी काढली आणि माद्या आणायला गेला. जाताना मास्तर फाटकाशी उभे होते. ते म्हणाले, "मी नर आण म्हणालो होतो. माद्या आणू नकोस असं कुठे म्हणालो?"

माद्या अंगानं थोराड. त्या आल्या आणि टाकीत संसार सुरू होण्याऐवजी खाणावळ सुरू झाली. मेंगद्याला चावायचं तोंड नसतं, त्या जागी सुई असते. पुढच्या पायांत शिकार आवळायची, सुई टोचायची, आत काहीतरी सोडून शिकारीचं मांस पातळ करायचं आणि ते शोषून घ्यायचं. मासा असो, बेडकाचं पिल्लू असो, नाहीतर स्वतःचा नवरा असो, पद्धत तीच. रोज सकाळी पाण्यावर दोनचार पोकळ टरफलं तरंगत असत आणि विचियेन चहाचा कप हातात धरून ती मोजायचं टाळत असे. मग त्यानं वॉर्डातल्या प्रत्येक डबक्यातली बेडकाची पिल्लं आणून टाकीत ओतायला सुरुवात केली. त्या वर्षी आमच्या गल्लीत पावसाळ्यात बेडूक ओरडले नाहीत. लोकांना वाटलं हवामान बदललं.

एवढ्यात वानदी आली. वानदी म्हणजे आमच्या वॉर्डाची आरोग्यसेविका. हातात विजेरी, कमरेला डासांच्या अळ्या मारणाऱ्या औषधी वाळूची पिशवी, आणि साचलेलं पाणी दिसलं की डोळ्यांत वेगळीच चमक.

"काका, ही काय टाकी! डेंग्यू पाळलाय का?"

"अगं वानदी, उलट आहे. हे किडे डासांच्या अळ्यासुद्धा खातात."

"खात असतील बिचारे. पण मला वरून सांगितलंय, साचलं पाणी दिसलं की वाळू टाकायची. शेतीची टाकी असेल तर दाखला आणा. चार दिवस थांबते तुमच्यासाठी."

चार दिवसांत दाखला! स्वतःच्या कचेरीत चार दिवसांत काही देताना विचियेननं कुणाला पाहिलं नव्हतं. तरी बिचारा चारही दिवस इस्त्रीचा सदरा घालून निघत राहिला. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला टेबलाच्या अलीकडे उभं राहायची सवय नसते. कुठे उभं राहावं, हात कुठे ठेवावेत, काहीच सुचत नाही.

मासेमारी खात्याच्या साहेबानं विचारलं, "हा खातो काय?"

"मासे," विचियेन म्हणाला, आणि म्हणताक्षणी आपण चुकलो हे त्याला कळलं.

"म्हणजे आम्ही मासे वाढवायचे आणि तुमच्या या पाहुण्याला दाखला द्यायचा? पशुसंवर्धनाकडे जा."

पशुसंवर्धनवाल्यानं मान वर न करता विचारलं, "पाय किती?"

"सहा."

"आमच्याकडे दोन किंवा चार. शेतकी खातं जिन्याच्या बाजूला."

शेतकी खात्यात मात्र एक तरुण साहेबीणबाई भेटली. मेंगदा हा शब्द ऐकूनच ती खुर्चीतून उठली. इतक्या प्रेमानं त्याच्याशी कुणी सरकारी माणूस कधी बोलला नव्हता.

"काका, काय सुंदर किडा निवडलात! यांचं खानदान केवढं मोठं आहे ठाऊक आहे? पिकावरचा मावा, भातावरचे तुडतुडे, पिठ्या ढेकूण, हात लावला की घाण वास सोडणारे ते हिरवे ढेकूण, तळ्यावर लांब टांगा टाकत चालणारे किडे, सगळे यांचेच भाऊबंद. झाडावर बसून दिवसभर किंचाळतो तो सिकाडासुद्धा! आणि गादीतला ढेकूण हा तर अगदी जवळचा. सगळ्यांच्या तोंडात सुई. कुणी झाडाचा रस ओढतो, कुणी माशाचा, कुणी आपला."

विचियेनची छाती फुगली. इतक्या मोठ्या घराण्याशी आपला संबंध आला याची त्याला कल्पनाच नव्हती.

"मग बाई, दाखला?"

"दाखला नाही देता येणार हो. आमच्याकडे हे सगळं खानदान 'कीड' या सदरात मोडतं. तुम्ही अर्ज दिलात तर मला फवारणीची गाडी पाठवावी लागेल. तुम्ही अर्ज दिलाय का?"

विचियेननं टेबलावरचा अर्ज हळूच ओढून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि नाही म्हणाला. घरी आला तर वानदी येऊन गेली होती. चार दिवस संपले, काका दिसले नाहीत, म्हणून तिनं काम उरकलं होतं. टाकी मोठी, म्हणून वाळूही सढळ हातानं. पाण्यावर मेंगदे उताणे पडले होते आणि जाळीवर तिनं आठवणीनं पिवळी चिठ्ठी डकवली होती: हे घर डासमुक्त आहे.

त्या दिवशी विचियेन जेवला नाही. लामदुआननं मासे तळले, दारापर्यंत नेऊन दाखवले, परत नेले. "सोडा आता हा नाद," ती म्हणाली, "दादाला मी सांगते, झालं गेलं विसर म्हणून." तेच त्याला नको होतं. दादानं विसरायचं म्हणजे दादानं दर सणाला आठवण काढून मोठ्या मनानं विसरायचं. विचियेननं टाकी घासून धुतली, नवं पाणी भरलं, आणि शेवटचा उपाय म्हणून निळा दिवा आणला.

निळ्या दिव्याला मेंगदे येतात हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उंच बांबूला दिव्याची नळी बांधायची, मागे पत्रा उभा करायचा. उडत आलेला किडा पत्र्यावर आपटून खालच्या पाण्यात पडतो. मात्र हा दिवा गावाबाहेर खाचराच्या बांधावर लावतात. गल्लीत, घराच्या छपरावर, लोकांच्या जेवायच्या वेळेला लावत नाहीत. विचियेननं तो दिवेलागणीला लावला आणि शेतकीवाल्या बाईंनी सांगितलेलं अख्खं खानदान आमच्या गल्लीत मुक्कामाला आलं.

आधी तुडतुडे. डोळ्यात, नाकात, सुपाच्या वाटीत, दिव्याच्या प्रत्येक भोकात. मग हिरवे ढेकूण पत्र्यावर गारांसारखे ताडताड आदळू लागले. सिकाडे अंधार पडलाय हे विसरून दुपारसारखे किंचाळायला लागले. सामरान मास्तर ओसरीवर सूप पीत बसले होते. त्यांच्या वाटीत एक हिरवा ढेकूण पडला आणि कोथिंबीर समजून त्यांनी तो चावला. त्यानंतर मास्तर जे बोलले ते त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं वर्गात ऐकलं नसेल.

"विचियेन! बंद कर तो दिवा! माझ्या तोंडाला वास येतोय रे!"

"मास्तर, दिव्याचं तुम्हीच सुचवलं होतंत!"

"बांधावर लाव म्हणालो होतो, माझ्या डोक्यावर नाही!"

सगळ्यात वाईट म्हणजे लामदुआननं पोनसाठी शिवलेली दीक्षेची पांढरी वस्त्रं दोरीवर तशीच राहिली होती. त्यांच्यावर त्या खानदानानं रात्र काढली. सकाळी वस्त्रं पिवळ्या ठिपक्यांची झाली होती आणि वास असा की दोरीखालून जाताना मांजरानं वळसा घातला. लामदुआन एक शब्द बोलली नाही. बादली भरली आणि धुवायला बसली. ती बोलत नाही तेव्हा विचियेनला घरात कुठे बसावं तेच कळत नाही, म्हणून तो जाऊन टाकीपाशी बसला.

पण मेंगदेही आले होते! पुढचे काही दिवस दिवा बांधावर नेऊन त्यानं आणखी धरले, आणि टाकी पुन्हा भरली. अन् एके दिवशी एका काठीवर, पाण्याच्या वर वीतभर, अंड्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा गुच्छ दिसला. मादी अंडी घालून चालती झाली होती. नर मात्र काठी धरून बसला होता. तो थोड्या थोड्या वेळानं पाण्यात उतरे, भिजून वर चढे, अंगावरचं पाणी अंड्यांवर निथळू देई, ऊन आलं की अंड्यांवर पसरून स्वतः सावली होई. दुसरी एक मादी ती अंडी फोडायला काठीवर चढली. तिला स्वतःच्या अंड्यांसाठी हा बाप मोकळा करून हवा होता. ती त्याच्या दीडपट. तरी तो पुढचे पाय उगारून भिडला आणि तिला खाली पाडलं. विचियेन टाळी वाजवून उभा राहिला.

"अगं, इकडे ये! बघ, सगळं बापच करतो. आई अंडी घालून मोकळी."

"नशीबवान आहे बाई," लामदुआन कपड्यांच्या दोरीपाशी उभ्यानंच म्हणाली. बोलली एकदाची. विचियेनला इतकं हायसं वाटलं की त्यानं त्या नराशी रोज गप्पा मारायला सुरुवात केली. पोन बँकॉकहून आला, विमा कंपनीतून मोजकी रजा काढून, तेव्हा वडील टाकीशी बोलताना दिसले. त्यानं आईकडे बघितलं. आईनं हातानंच राहू दे म्हणून खूण केली.

दीक्षेच्या आदल्या दिवशी टाकीत हवे तितके नर होते. लामदुआननं खल धुऊन उन्हात ठेवला. संध्याकाळी भाजायचे, पहाटे कुटायचे. तिघंही विहारात सामानसुमान बघायला गेले, आणि घरावर लक्ष ठेवायला गावाकडून आलेली सायबुआमावशी थांबली. ही लामदुआनच्या आईची बहीण. हिचं सगळं आयुष्य देवधर्मात गेलेलं. मुंगीवर पाय पडला तर थांबून क्षमा मागते.

तिघं परत आले तर मावशी पायरीवर बसली होती. लुगड्याचा काठ ओला, एका बोटाला चिंधी बांधलेली, आणि चेहरा असा उजळलेला की तिनंच दीक्षा घेतली असावी.

"विचियेन, आधी हात जोड."

"काय झालं, मावशी?"

"तुझ्यासाठी केवढं पुण्य करून आले ते सांगते. आधी जोड."

आमच्याकडे कुणी आपल्या नावानं पुण्य केलं आणि ते सांगायला आलं, की हात जोडून तीनदा 'साधू' म्हणायचं. म्हटलं की वाटा मिळतो. न म्हणणं म्हणजे त्या पुण्यावर पाणी सोडणं. विचियेननं हात जोडले.

"अरे, दीक्षेच्या घरात जिवांची हत्या? उद्या पोरगं चीवर घालणार आणि मागच्या अंगणात खलबत्ता? मी जाळी घेतली, बादल्या भरल्या, रिक्षा केली आणि सगळ्यांना विहाराच्या तळ्यात सोडून आले. तुझ्या नावानं, लामदुआनच्या नावानं, पोनच्या नावानं. मंत्र म्हणून!"

पोननं हळूच विचारलं, "आजी, विहाराच्या तळ्यात? जिथे लोक माशांना पाव टाकतात, तिथे?"

"तिथेच रे! आणि काय सांगू, त्यांना सोडलं मात्र, न्यायला केवढाले मासे आले! पाणी नुसतं उसळत होतं आनंदानं!"

ते मासे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. माणसाच्या मांडीएवढे मागूर आहेत ते, आणि गावाच्या पुण्यावर पोसलेले.

"म्हण ना," मावशी म्हणाली.

"साधू," विचियेन म्हणाला. उरलेलं दोनदा पोन त्याच्या वतीनं म्हणाला.

"एक तेवढा राहिला," मावशीनं चिंधीचं बोट वर केलं. "काठीवर बसलाय तो. चावला मेला. अजून कळ जात नाही."

मावशी देवाला दिवा लावायला आत गेली तेव्हा लामदुआननं स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरून, मिठाच्या बरणीमागून, एक छोटी बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"कधी आणलीस?"

"वानदीनं वाळू टाकली ना, त्याच दिवशी."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता?"

"तुमच्यावर होता. मेंगद्यांवर नव्हता."

तेवढ्यात फोन वाजला. प्रायून. "काय विचियेन, मेंगदे काय म्हणतायत? मी उद्या सकाळचा नाश्तासुद्धा करणार नाहीये. तुझ्या चटणीसाठी पोट रिकामं ठेवतोय." विचियेननं हो हो केलं आणि फोन ठेवला. त्याला रडावंसं वाटत होतं. वर्षभर माणसानं एक शब्द पाळायला जिवाचं रान करावं आणि हाती काय यावं, तर बाटली. नाव बदलायला कुठल्या खात्यात जावं लागतं हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

एका नराची एक वाटी होते. निदान पहिल्या टेबलावर खरी चटणी जाईल, प्रायूनच्या पुढ्यात खोटं पडायला नको. हा हिशोब करून विचियेन उजाडताच चिमटा घेऊन टाकीपाशी गेला. बाप काठीवरच होता. सावली पडल्यावर पळाला नाही. अंड्यांपुढे सरकला आणि चिमट्यावर पाय उगारले. विचियेननं चिमटा दोनदा पुढे नेला, दोनदा मागे घेतला. "बस बाबा," तो शेवटी म्हणाला, "माझं नाक कापलं जाऊ दे. त्याचा तसाही काही उपयोग नाही." चिमटा त्यानं ओट्यावर नेऊन टाकला. लामदुआननं चिमट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मिरच्या निवडायला लागली.

मग दिवस पळालाच. पोनच्या केसांची पहिली बट विचियेननं कापली, दुसरी लामदुआननं, आणि त्या कमळाच्या पानात ठेवल्या. पांढऱ्या वस्त्रांतल्या पोरानं आईबापांच्या पायावर डोकं ठेवून आजवरच्या चुकांची क्षमा मागितली. वस्त्रांना अजून किंचित हिरव्या ढेकणांचा वास येत होता, पण डोळे सगळ्यांचे खऱ्या कारणानं भरले होते. विहाराला तीन प्रदक्षिणा झाल्या, पोन आत गेला तो भिक्षू होऊन बाहेर आला, आणि पाहुणे जेवायला बसले.

विचियेन पहिल्या टेबलाशी आला आणि थबकला. त्याच्या नाकाला कळलं होतं. प्रायूनपुढच्या वाटीत बाटली नव्हती. ती दालचिनी, ते पिकलं फळ, आणि ते सांगता न येणारं. त्यानं लामदुआनकडे बघितलं. ती भाताच्या टोपल्या मांडत होती.

"असं बघू नका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लोकांदेखत शब्द दिलाय तुम्ही. मला आज पोराचं एवढं पुण्य मिळालंय, त्यातलं चिमूटभर याच्यावर खर्च केलं. माझं मी बघून घेईन."

बाकीच्या टेबलांवर बाटलीची चटणी घमघमत होती आणि लोक माना डोलावत होते. "हा खरा वास!" "विचियेननं करून दाखवलं बुवा!" सामरान मास्तर तर उभे राहून सांगत होते, "नर कुणी आणायला सांगितले? विचारा त्याला!"

प्रायूननं बाह्या सरसावल्या, भाताचा गोळा केला, वाटीत बुडवला आणि डोळे मिटून चावला. प्रायूननं एक डोळा उघडला. पुन्हा एक घास घेतला. मग शेजारच्या टेबलाकडे हात केला, "जरा ती वाटी इकडे द्या हो." त्यातला घास घेतला आणि त्याचा चेहरा फुलला.

"हां! हा मेंगदा! मानलं, विचियेन! काय घमघमाट आहे." आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं पहिली वाटी दोन बोटांनी दूर सारली. "पण हे काय? गल्लीतल्या लोकांना खरा, आणि सख्ख्या मेहुण्याच्या पुढ्यात बाटली? तीही असली हलकी? वाससुद्धा धड नाही. मी तुझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे रे. उपाशी आलो होतो."

"दादा..." लामदुआन म्हणाली.

"असू दे. मी काही कुणाला सांगणार नाही," प्रायून म्हणाला, आणि ते आसपासच्या सगळ्या टेबलांनी ऐकलं. आपलं ताट उचलून तो शेजारच्या टेबलावर जाऊन बसला.

विचियेनला ओरडून सांगावंसं वाटलं. माइकही हाताच्या अंतरावर होता. पण सांगणार काय? ही खरी म्हटलं तर बाकीच्या सगळ्या खोट्या ठरतात. तो त्या रिकाम्या झालेल्या टेबलावर मटकन बसला. थोड्या वेळानं लामदुआन टोपली घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली. वाटी दोघांच्या मध्ये होती.

"खा," ती म्हणाली. "वाया नका घालवू त्याला."

विचियेननं घास घेतला. चटणी फार सुंदर झाली होती. इतकी सुंदर चटणी त्यानं लहानपणी आईच्या हातची खाल्ली असेल, त्यानंतर नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं पोराच्या आठवणीनं, आणि जो तो पाठीवर थोपटून पुढे गेला. लामदुआननंही दोन घास खाल्ले, पदराला हात पुसला आणि पंगतीकडे जायला उठली.

"सकाळी अंड्यांवर पाणी मी शिंपडलंय," ती जाता जाता म्हणाली. "दुपारचं तुमच्याकडे. ऊन वर आलंय, उठा."